बेनेक अँड सनच्या शालिनीताई

शालिनीताई घाटे घरचा फोन उचलतानासुद्धा "बेनेक अँड सन, गुड मॉर्निंग" म्हणायच्या. संध्याकाळ असली तरी गुड मॉर्निंगच. पलीकडे आमच्यापैकी कोणी असलं आणि हसलं, तर म्हणायच्या, "हस बाप्पा. पण सवय मोडली आणि एखाद्या दिवशी गिऱ्हाइकालाच 'कोण बोलून राहिलं?' म्हटलं म्हणजे?"

त्या मूळच्या नागपूरच्या. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढूनही ते 'करून राहिले, बोलून राहिले' त्यांच्या तोंडून गेलं नाही. आम्ही एकाच रस्त्यावर, समोरासमोर राहायचो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होते. आमच्या वयात दहाएक वर्षांचं अंतर होतं, पण त्यांनी मला पहिल्या भेटीतच 'अगं मंगल' करून टाकलं होतं.

बेनेक हे आडनाव त्यांचं नव्हे, त्यांच्या कारखान्याचं. जर्सी सिटीपासून पश्चिमेला तासाभरावर, मक्याची शेतं आणि कारखाने एकमेकांना खेटून असलेल्या एका गावात तो होता. नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, हॉस्पिटलच्या खाटांच्या दांड्या तिथे यायच्या आणि क्रोमचा मुलामा चढून चकचकीत बाहेर पडायच्या. बेनेक नावाच्या बापलेकांनी तो काढलेला. लेकाला मूलबाळ नव्हतं. तो थकल्यावर शालिनीताईंच्या यजमानांनी, मनोहरदादांनी, चांगली नोकरी सोडून ती कंपनी आहे तशी, नावासकट विकत घेतली. पाटी बदलली नाही. नवा सेल्समन यायचा आणि या सावळ्या, चष्मेवाल्या माणसाकडे बघून विचारायचा, "यातले 'सन' तुम्ही का?" दादा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "अडॉप्टेड."

दादा असेच होते. कमी बोलायचे, पण आमच्या सगळ्यांच्या घरचा बंद पडलेला हीटर त्यांनी कधी ना कधी दुरुस्त केलेला होता. गणपतीची आरास तेच करायचे. माणूस कसा असावा म्हटलं की आमच्या मराठी मंडळात त्यांचंच नाव निघायचं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळे जास्त लागलं.

शालिनीताईंचं नाक विलक्षण तिखट होतं. जर्सी सिटीतल्या भारतीय दुकानात त्या कोथिंबिरीची जुडी नुसती हुंगून परत ठेवायच्या आणि दुकानदाराचा चेहरा पडायचा. कोणाच्या घरी जेवायला गेल्या की दारातच, कोट काढता काढता, "तूप जरा जास्त कढलं का गं?" असं विचारायच्या. यजमानीण ओशाळली की तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "जास्त कढलेलंच मला आवडतं." ते खरं होतं की नाही, देव जाणे.

दुसरी सवय म्हणजे उभ्या माणसाशी त्या महत्त्वाचं बोलत नसत. "आधी बस," म्हणायच्या. "उभा माणूस अर्धा निघालेला असतो."

या सवयीची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. एका हिवाळ्यात मनोहरदादा हृदयविकारानं अचानक गेले. सगळ्यांनी ताईंना सांगितलं, विकून मोकळ्या व्हा. मुलगा निखिल तेव्हा कॉलेजात होता, त्याला कारखान्यात रस नव्हता. ताई तोवर फक्त बिलं बघायच्या. पण दिवस झाले आणि त्या साडीवर दादांचा जाड कोट आणि पायात त्यांचेच रबरी बूट घालून कारखान्यात हजर झाल्या. रे नावाचा फोरमन होता, बेनेकच्या काळापासूनचा. तो त्यांच्या टेबलासमोर येऊन म्हणाला, बाईच्या हाताखाली काम करणं मला जमणार नाही. ताई म्हणाल्या, "सिट डाउन, रे." तो बसेना. त्यांनी डबा उघडला आणि जेवायला लागल्या. तो उभाच. जेवण होत आलं तेव्हा तो बसला. "आता सांग," ताई म्हणाल्या. काय सांगायचं ते तोवर त्याच्याकडे उरलं नसावं. त्यानं विचारलं, ते पिवळं कशाचं आहे? ते लिंबाचं लोणचं होतं. कारखाना बंद पडेपर्यंत रे तिथेच होता.

कारखान्याच्या मागे एक गल्ली होती. लहान लहान लाकडी घरं, प्रत्येकाच्या मागे भाजीचा वाफा, आणि प्रत्येकाची स्वतःची विहीर. विहीर म्हणजे आपली दगडी नव्हे, जमिनीत खोल उतरवलेला पाइप आणि पंप. गावाच्या नळाचं पाणी तिथवर पोचलेलं नव्हतं. पहिल्याच घरात मिसेस डोलन राहायची. नवरा वारलेला, शाळेची बस चालवायची. तिचा जन्मही त्याच घरातला. मुलगी लग्न होऊन तिथेच राहत होती आणि घरात तान्हं बाळ होतं. डोलनबाईची आणि ताईंची कशी गट्टी जमली कोणास ठाऊक, पण दुपारी काम हलकं असलं की ताई कुंपणातल्या फटीतून पलीकडे जायच्या आणि तिच्या स्वयंपाकघरात चहा प्यायच्या. येताना काकडीसारखी दिसणारी झुकिनी घेऊन यायच्या. "ती एकटी आणि मी एकटी," मला म्हणायच्या, "दोघींनाही नवऱ्याबद्दल बोलायचं असते आणि ऐकायला कोणी नसते."

चार-पाच वर्षं त्यांनी कारखाना नेटानं चालवला. मग गुडघे बोलायला लागले. गिऱ्हाईकही मिळालं. पण नुकताच आमच्या राज्यात कायदा आला होता: कारखाना विकायचा तर आधी त्याची जमीन तपासून घ्यायची, आणि घाण निघाली तर ती साफ केल्याशिवाय विकता यायचं नाही. ताईंना त्यात काळजीचं काही वाटलं नाही. आपण मुलाम्याच्या टाक्यांतलं पाणी नियमाप्रमाणे शुद्ध करूनच सोडतो, एवढं त्यांना माहीत होतं.

जमीन खराब निघाली. मुलामा चढवण्याआधी धातूवरचं तेल-ग्रीस काढायला एक गोडसर वासाचं द्रावण वापरतात. ते कारखान्याच्या मागे जमिनीत खोलवर मुरलेलं सापडलं. एका जागी सगळ्यात जास्त होतं. तिथे काँक्रीटचा एक चौकोन होता, त्यावर रिकामी पिंपं ठेवत. मग सरकारी माणसांनी गल्लीतल्या विहिरी तपासल्या. पाण्यात तेच होतं. वास येण्याइतकं नव्हतं, पण पिऊ नये इतकं होतं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा राहिला.

ताई त्याच दिवशी डोलनबाईकडे गेल्या. डोलनबाईनं बाळाच्या दुधाच्या बाटल्या सिंकमध्ये रांगेनं ठेवल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत बसली होती. तिनं एकच विचारलं, "डिड यू नो?"

"नो," ताई म्हणाल्या. "मीही तुझ्याकडे हाच चहा पीत होते."

डोलनबाईनं विश्वास ठेवला. तिनं ताईंचा हात हातात घेतला, असं ताईंनी मला सांगितलं. ते सांगताना त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. तेव्हा मला वाटलं, दुःखानं झाला असेल.

ताईंनी वकील केला. फेल्ड नावाचा, शांत, टकलू माणूस. त्याचा सल्ला सरळ होता. कंपनीकडे साफसफाई करण्याइतकं काही नाही. कंपनी बुडीत काढा, किल्ल्या सरकारच्या हवाली करा, घर तुमच्या नावावर आहे ते वाचेल.

"आणि त्या विहिरी?" ताईंनी विचारलं.

"सरकार बघेल. वेळ लागेल."

"किती?"

फेल्डनं खांदे उडवले. ताई म्हणाल्या, "दुसरा रस्ता सांगा."

दुसरा रस्ता होता, पण तेव्हा फारसं कोणी त्या वाटेला जात नव्हतं. प्रत्येक कारखाना लायबिलिटीची पॉलिसी घेतो, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई करणारा विमा. तेव्हाच्या नव्या पॉलिसींमध्ये प्रदूषण वगळलेलं असायचं. जुन्यांमध्ये तसं नव्हतं. आणि जुन्या पॉलिसीची गंमत अशी की नुकसान ज्या वर्षी झालं त्या वर्षाची पॉलिसी लागू होते, ते उघडकीला कधीही येवो. द्रावण जमिनीत मुरलं बेनेकच्या काळात, आणि पुढेही वर्षानुवर्षं खाली पाण्यात झिरपत राहिलं. कंपनी तीच, नाव तेच. म्हणजे बेनेकनं तेव्हा घेतलेल्या पॉलिसी आजही ताईंच्या कंपनीच्याच होत्या. फक्त त्या होत्या हे सिद्ध करायला हवं होतं. विमा कंपनी म्हणत होती, आमच्याकडे काही नोंद नाही, तुमच्याकडे असेल तर दाखवा. बेनेकनं तर कारखाना विकताना सगळे जुने कागद जाळून टाकले होते.

"पण बेनेक आहे ना," ताई म्हणाल्या.

धाकटा बेनेक पेनसिल्व्हेनियात एका वृद्धाश्रमात होता. मोठ्या रस्त्यावर ताईंना गाडी चालवायला भीती वाटायची, म्हणून मी घेऊन गेले. म्हातारा खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता. ऐकू कमी येत होतं, पण ताईंना त्यानं लगेच ओळखलं. "मनोहर कसा आहे?" त्यानं विचारलं. ताईंनी सांगितलं.

मग त्यांनी त्या द्रावणाचं विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. मागे खड्डा होता, वापरलेलं सगळं त्यात ओतायचो. विकणाराच सांगायचा, जमिनीवर ओता, उडून जातं. सगळेच ओतायचे.

"ते उडून गेलं नाही, मिस्टर बेनेक," ताई म्हणाल्या. "खाली गेलं."

"गल्लीत?"

"हो. पाण्यात."

म्हाताऱ्यानं मान फिरवली. "डोलनची आई आम्हाला ॲपल पाय आणून द्यायची," तो म्हणाला, आणि हातातल्या रुमालाची घडी घालू लागला, मोडू लागला, परत घालू लागला. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं आता विम्याचं विचारायचं राहणार. पण कशासाठी आलोय ते ताईंनी आल्या आल्या सांगितलं होतं, आणि निघता निघता त्यालाच आठवलं. हॉस्पिटलच्या खाटा बनवणारी एक कंपनी होती, तिथला खरेदी बघणारा माणूस फार काटेकोर. तुमचा विमा आहे याचा दाखला दाखवल्याशिवाय तो काम देत नसे. दर वर्षी नवा दाखला मागायचा.

ती कंपनी अजून होती. तिच्या तळघरात बेनेक अँड सनचे दाखले निघाले, विमा कंपनीच्या नावासकट आणि पॉलिसीच्या नंबरांसकट, एकावर एक लावून ठेवलेले. दादांच्या काळातल्या पहिल्या काही वर्षांचेही त्यात होते. आता विमा कंपनीला नाही म्हणता येईना. फेल्ड पहिल्यांदाच हसला. गल्लीत नळ येईल, जमीन खणून काढता येईल, कदाचित सगळीच्या सगळी.

विमा कंपनीकडे एकच बचाव उरला होता. पॉलिसी न कळत झालेल्या नुकसानीची भरपाई देते, माहीत असून होऊ दिलेल्या नव्हे. तेव्हा कोणाला काय आणि कधी माहीत होतं हे विचारायला त्यांनी ताईंची साक्ष लावली, कोर्टाबाहेर, वकिलांसमोर, पण शपथेवर.

साक्षीच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर निखिल आलेला होता. तो तेव्हा शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी करत होता. मायलेकरांत काहीतरी चाललं होतं. मला बघून ताई गप्प झाल्या, पण निखिल थांबला नाही. "आई, जस्ट से यू डोन्ट रिकॉल. एव्हरीबडी सेज दॅट."

"पण मला आठवते ना," ताई म्हणाल्या.

काय आठवतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

साक्ष नुअर्कला एका उंच इमारतीत झाली. मी खाली लॉबीत बसले होते. दुपार टळल्यावर फेल्ड एकटाच लिफ्टमधून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मागून ताई आल्या. "भूक लागली," म्हणाल्या. आम्ही जवळच्या डायनरमध्ये बसलो. त्यांनी टोस्ट मागवला आणि त्याला हात लावला नाही.

"त्या वकिलानं विचारलं, तुमच्या मिस्टरांना खड्ड्याबद्दल माहीत होतं का? मी म्हटलं, हो."

त्यांनी टोस्टची बशी बाजूला सारली.

"कारखाना घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ते घरी आले तर बुटांना वास. गोड, डोक्यात जाणारा. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, मागे बेनेकचा जुना खड्डा आहे, बुजवून टाकला, वर काँक्रीट घातलं. निखिलला तिकडे खेळू देऊ नको. मी म्हटलं, कोणाला सांगायला नको का? तर म्हणाले, ते जुनं आहे, आपलं नाही. आणि मी पानं वाढली, मंगल. मला वास आला होता. अख्ख्या जर्सीत कोणाला आला नसता तो मला आला होता. आणि मी पानं वाढली."

"पाण्यात जाईल हे तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"विचारलं असतं तर कळलं असतं. त्यांना कळत होतं. ते इंजिनीअर होते. घर गहाण ठेवून कारखाना घेतला होता, तो बंद पडला असता. भ्यायले ते. मीही भ्यायली असंन, म्हणून तर पुढे विचारलं नाही."

"मग आज 'आठवत नाही' म्हणाला असतात तर? गल्लीचंच भलं झालं असतं."

हे मी बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "फेल्डही हेच म्हणाला. खरं असंन. पण तिथे शपथ घेतली आणि तो विचारून राहिला, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या बाटल्या. एकदा तिच्यासमोर मी 'नो' म्हणून बसली होती. दुसऱ्यांदा जीभ उचललीच नाही."

त्यांच्या त्या एका उत्तरानं दादांच्या काळातल्या पॉलिसी हातच्या गेल्या. बेनेकच्या काळातल्या राहिल्या. त्यांवर तडजोड झाली. गल्लीत नळ येण्याइतकं आणि खड्ड्याभोवतीची सगळ्यात वाईट माती काढण्याइतकं मिळालं. खालचं पाणी तसंच राहिलं. कारखाना बंद झाला. ताईंनी घर विकून त्यातलं बरंचसं त्या कामात घातलं, कायद्यानं त्यांना ते करावं लागत नव्हतं तरी.

निखिलनं फोनवर त्यांना एकच वाक्य म्हटलं, "यू सोल्ड बाबा आउट," आणि मग त्याचे फोन कमी कमी होत थांबले. आमच्या मंडळातही बातमी पोचली. कोणी तोंडावर बोललं नाही. पण "गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं, तो काय उत्तर द्यायला येणार आहे?" हे मी गणपतीसाठी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात, प्रसादाच्या टेबलाशी, दोनदा ऐकलं. नैवेद्याच्या पुरणपोळ्या दर वर्षी ताईंकडे असायच्या. त्या वर्षी कोणी सांगायला गेलं नाही, आणि त्याही आल्या नाहीत. दादांच्या हातचा हीटर माझ्याही घरात चालू होता. मलाही कधी कधी वाटायचं, काय गरज होती? मग ती गल्ली आठवायची, आणि काय वाटावं तेच कळायचं नाही. आजही कळत नाही.

पुढच्या वर्षी त्या नागपूरला बहिणीकडे कायमच्या निघून गेल्या आणि तिथेच वारल्या. निखिल गेला होता म्हणतात, पण उशिरा पोचला.

नागपूरला जाण्याआधीच्या वसंतात त्यांनी मला एकदा कारखान्यावर न्यायला सांगितलं. माती काढायचं काम चालू होतं. जाळीचं कुंपण घातलेलं, आत पांढरे पोशाख घातलेली माणसं, एक मोठं यंत्र तो काँक्रीटचा चौकोन फोडत होतं. आम्हाला आत सोडलं नाही. ताई बाहेरून थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. गल्लीतला रस्ता नळासाठी खणून परत बुजवलेला होता, डांबर अजून काळंभोर होतं.

"जरा थांब," म्हणाल्या आणि हातात आंब्याच्या लोणच्याची बाटली घेऊन डोलनबाईच्या घराकडे चालू लागल्या. साक्षीत काय झालं ते गल्लीला कळलेलं होतं. तेव्हापासून त्या दोघी भेटल्या नव्हत्या.

मी गाडीतून बघत होते. डोलनबाईची निळी गाडी दारात होती. वाफ्याजवळ दोरीवर बाळाचे कपडे वाळत होते. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो मला रस्त्यावरून ऐकू येत होता. ताईंनी बेल वाजवली. टीव्ही बंद झाला. खिडकीचा पडदा किंचित हलला.

ताई उभ्या राहिल्या. पुन्हा बेल वाजवली नाही. पदर सारखा केला, बाटली दुसऱ्या हातात घेतली, आणि बराच वेळ तशाच दाराकडे बघत उभ्या होत्या. मग बाटली पायरीवर, उन्हात नको म्हणून कडेला सरकवून ठेवली आणि हळूहळू परत आल्या. गाडीत बसून पट्टा लावला.

"घरी कोणी नाही वाटते," त्या म्हणाल्या.

"नसेल," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.